तांब्या सपाट का दिसत होता: एका स्थिरचित्राची पूर्ण केस

मुलगी नववीतली. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांपैकी एलिमेंटरी झालेली, बी ग्रेड, आता पुढच्या इंटरमिजिएटची तयारी चाललेली. हात चांगला, रंग लावायची हौस भरपूर, रंग रेषेबाहेर जात नाही, कागदावर पेन्सिलचे डाग नाहीत, सगळं नीटनेटकं. आणि तरी स्थिरचित्र काढलं की दर वेळी तीच तक्रार, आणि ती तक्रारही तिची तीच करायची, बोर्ड हातभर लांब धरून, मालवणीत: "सर, माजो तांब्यो सपाटच दिसता."

खरंच तसा दिसायचा. तांब्या आहे हे ओळखू यायचं, पण कागदावर कापून चिकटवल्यासारखा, त्यात पाणी मावेल असं वाटायचंच नाही.

सावंतवाडीत माझा चित्रकलेचा छोटा क्लास आहे आणि ग्रेड परीक्षेची मुलं स्थिरचित्रात सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच, म्हणून ही एक केस सुरुवातीपासून लिहून काढतोय. रेषा, आकार, टोन, रंग, पोत, अवकाश हे शब्द मुलांना पाठ असतात, संतुलन, लय, प्रमाण, विरोध हेही पाठ असतात, पण समोरच्या कागदावर टोन नेमका कुठे आहे आणि तो चुकला की काय होतं हे बोट ठेवून कुणी दाखवलेलं नसतं. माझं म्हणणं एकच आहे, सपाट चित्राचं दुखणं दहापैकी नऊ वेळा रंगात नसतं, टोनमध्ये असतं, म्हणजे कुठे किती उजळ आणि कुठे किती गडद यात असतं, आणि मुलं (आणि पालकसुद्धा) ते रंगात शोधत बसतात.

ग्रुप काय होता

ग्रुप म्हणजे चित्रासाठी समोर मांडलेल्या वस्तू. एक जुना पितळी तांब्या, मध्यम आकाराचा. एक पिवळा आंबा, चितारआळीतला (सावंतवाडीतली लाकडी खेळण्यांची आळी), लाकडी, वर ऑइल कलर आणि पॉलिश. आमच्याकडे स्थिरचित्राला ही लाकडी फळं फार कामाला येतात, दिवसेंदिवस तशीच ठेवता येतात, सुकत नाहीत, रंग बदलत नाहीत. एक खरं वांगं, जांभळं, देठासकट. आणि मागे-खाली गडद निळं कापड, टेबलावरून थोडं घड्या पडून खाली आलेलं. कागद पाव इम्पीरियल, म्हणजे साधारण १५ बाय ११ इंच, आणि पोस्टर कलर.

उजेड डावीकडच्या खिडकीतून. शिवाय वर ट्यूबलाइट चालू. हे ट्यूबचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

कागदावर काय होतं

आधी तिचं चित्र भिंतीला टेकवून आम्ही दोघं पाच-सहा फुटांवर बसलो, नुसतं बघायला. चित्र मांडीवर घेऊन त्यातल्या चुका कधीच दिसत नाहीत.

सगळ्या वस्तूंना सारख्याच जाडीची गडद आऊटलाइन होती. तांब्याचं तोंड खूप उघडं काढलेलं, जवळजवळ गोल, आणि त्याची डावी-उजवी दोन्ही टोकं टोकदार झालेली. बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखं सरळ. तांब्याचा रंग एकच, पिवळसर तपकिरी, उजव्या कडेला त्याच रंगात काळा मिसळून ओढलेला एक पट्टा आणि डाव्या बाजूला पांढरी उभी रेघ. हा पट्टा आणि ही रेघ तिने तांब्यावर बघून काढलेलीच नव्हती, एका व्हिडिओत शिकली होती, "उजवीकडे डार्क, डावीकडे शाईन", आणि तोच फॉर्म्युला तिने आंब्याला लावला, वांग्याला लावला, मागच्या वेळी चौकोनी डब्यालासुद्धा लावलेला. आंब्याच्या सावलीत पिवळ्यात काळा घातल्यामुळे तो भाग शेवाळी हिरवट झाला होता. वांगं जांभळं, कापड निळं, दोन्ही जवळजवळ सारखेच गडद, पण मध्ये काळी आऊटलाइन असल्यामुळे वेगळे दिसत होते. पडछाया कुणाचीच नाही, म्हणजे टेबलावर पडणारी सावलीच नाही, त्यामुळे तिन्ही वस्तू थोड्या हवेत. टेबलाची मागची कड बरोबर कागदाच्या मध्यावरून गेलेली. आणि तिन्ही वस्तू एका रांगेत, मध्ये सारखं अंतर सोडून, फोटोला उभ्या केल्यासारख्या.

सपाटपणा घालवायला तिने स्वतः काय केलं होतं? रंगाचे थर वाढवले. तांब्याला अजून पिवळा, आंब्याला अजून पिवळा, कापडाला अजून निळा. भाजीत मीठ नाही आणि आपण मसाला वाढवत जातोय, तसं झालं होतं ते. रंग कितीही घट्ट केला तरी ज्याची कमी होती ते त्याने भरून येणारच नव्हतं.

पहिली तपासणी: मोबाईल

हे मी प्रत्येक नव्या मुलाबरोबर करतो. ग्रुपचा फोटो काढायचा, तिच्या चित्राचाही काढायचा, आणि दोन्ही फोटो एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करायचे. मग शेजारी शेजारी ठेवायचे.

ग्रुपच्या फोटोत वांगं जवळजवळ काळं झालं, वर एक छोटा लख्ख ठिपका. कापड गडद राखाडी, घडीच्या आत अजून गडद, आणि वांग्याची उजवी कड त्या कापडात विरघळूनच गेली, कुठे वांगं संपतं आणि कुठे कापड सुरू होतं ते कळेना. आंबा सगळ्यात उजळ. आणि तांब्या? तांब्यात सगळंच होतं. खिडकीकडच्या बाजूला जवळजवळ पांढरं, त्याला लागूनच एकदम काळपट पट्टा, मग मधला राखाडी, आणि उजव्या कडेला परत थोडा उजेड.

तिच्या चित्राच्या फोटोत तांब्या आणि आंबा एका राखाडी रंगाचे निघाले, वांगं आणि कापड दुसऱ्या. अगदी एकच नाही, पण उन्नीस-बीस. फक्त आऊटलाइन काळ्या. रंगीत चित्रात पिवळा, तपकिरी, निळा असे वेगवेगळे रंग असल्याने डोळा फसत होता, वाटायचं की बराच फरक आहे. रंग काढून घेतल्यावर दिसलं की त्या जोड्यांमध्ये फरक नाहीच.

ती काही बोलली नाही, दोन्ही फोटो मागेपुढे करून बघत राहिली. मीही तेव्हा फार समजावत बसलो नाही, ते दोन फोटो पुरेसे होते.

रंग आणि टोन, थोडी थिअरी

हा भाग क्लासमध्ये मी नंतर सांगतो, पण इथे आधी लिहितो. अमेरिकेत अल्बर्ट मन्सेल नावाचा चित्रकार आणि कलाशिक्षक होता, त्याने १९०५ च्या सुमारास रंग मोजायची एक पद्धत मांडली जी अजूनही वापरली जाते. त्याने रंगाचे तीन गुण वेगळे केले. एक, रंग कोणता, म्हणजे तांबडा की पिवळा की निळा. दुसरा, किती उजळ किंवा गडद, म्हणजे आपण ज्याला टोन म्हणतो तो. आणि तिसरा, किती तेज, म्हणजे तोच तांबडा भडक आहे की मातकट. टोनसाठी त्याने ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा अशी शिडी केली.

नवीन मुलांना यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही, की प्रत्येक रंगाचा स्वतःचा एक मुक्काम असतो या शिडीवर. शुद्ध भडक पिवळा वरच्या पायऱ्यांवरच असतो, आठच्या आसपास. जांभळा खूप खाली. म्हणजे "पूर्ण पिवळा" लावला की तुम्ही आपोआप उजळ टोन लावलेला असतो आणि "पूर्ण जांभळा" लावला की गडद. पिवळ्याला गडद करायचं म्हणजे त्याचं पिवळेपण थोडं सोडावंच लागतं, तो गेरूकडे जाईल, मातकट होईल, आणि तिला तेच नको होतं. आंबा पिवळा आहे म्हणजे सगळीकडे पिवळाच दिसला पाहिजे असं तिचं म्हणणं. पण सावलीतला आंबा डोळ्याला पिवळा दिसत नाही, आपल्या डोक्याला माहीत असतं की तो पिवळा आहे. हे डोक्यातलं ज्ञान बाजूला ठेवून डोळ्याला दिसतंय ते लावणं हेच स्थिरचित्रात शिकायचं असतं.

आणि टोनबद्दल बोलायचं तर आमच्या गावचंच उदाहरण आहे. सा. ल. हळदणकर, जन्म १८८२, सावंतवाडीचे, पुढे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि वॉटर कलरमध्ये त्यांचा हात भल्याभल्यांना धरता आला नाही. त्यांचं "ग्लो ऑफ होप" म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, हातात दिवा घेतलेली स्त्री, मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी. बरेच लोक ते रविवर्म्याचं समजतात, ते हळदणकरांचं आहे हे सावंतवाडीच्या प्रत्येक मुलाला तरी माहीत पाहिजे. या चित्राची प्रिंट मी तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, यात दिवा इतका उजळ कसा दिसतोय? कागद काही प्रकाश देत नाही. वॉटर कलरमध्ये कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ काहीच नसतं आणि खरी ज्योत तर कागदापेक्षा कितीतरी पटीने उजळ असते. मग हळदणकरांनी केलं काय, तर उजळ भाग अगदी थोडा ठेवला, चेहरा, छाती, दिव्याला आडोसा धरलेल्या हाताची लालसर उजळलेली बोटं, आणि बाकी सगळं खाली उतरवलं, भिंत खाली, साडी मधल्या टोनमध्ये, कडा अंधारात. उजेड दाखवायचा म्हणजे आजूबाजूचं गडद करायचं. तिच्या चित्रात पांढरी रेघ होती पण तिच्या आजूबाजूला गडद काहीच नव्हतं, म्हणून ती रेघ उजेड न दिसता नुसता पांढरा रंग दिसत होती.

तीन टोनची छोटी चित्रं

मग पोस्टर कलर बंद. पत्त्याएवढे चौकोन आखायचे आणि त्यात फक्त तीन टोनमध्ये ग्रुप काढायचा: कागदाचा पांढरा, सिक्स-बी (मऊ, गडद) पेन्सिलचा मधला राखाडी, आणि दाबून काळा. आऊटलाइन नाही. खोडरबर नाही. डोळे बारीक करून बघायचं, इतके बारीक की तपशील पुसट होतील आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतील.

तिला हे अजिबात आवडलं नाही. पहिल्या दोन-तीन चौकोनांत ती गुपचूप आऊटलाइन काढून मग आत भरायची. आणि खरी अडचण आली वांग्यापाशी. डोळे बारीक केले की वांगं आणि कापड मिळून एकच काळा आकार दिसत होता. म्हणजे कागदावरही तो एकच काळा आकार काढायचा, मध्ये रेघ न ओढता. ती म्हणाली, मग वांगं कळणार कसं? मी म्हटलं, डावीकडची कड उजेडात आहे ती दिसतेय ना, देठ दिसतंय ना, तो चमकणारा ठिपका दिसतोय ना, बस, तेवढ्यावर बघणाऱ्याचा डोळा बाकीचं वांगं स्वतः पूर्ण करतो.

माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. कड हरवू देणं. लहानपणापासून आपण आधी आऊटलाइन काढतो आणि मग आत रंग भरतो, रंगभरणाची पुस्तकं तशीच असतात, त्यामुळे वस्तूच्या भोवती रेघ असते असंच डोक्यात बसतं. प्रत्यक्षात तांब्याच्या भोवती कुठलीच रेघ नाही. एक टोन संपतो, दुसरा सुरू होतो, त्या सीमेला आपण रेषा म्हणतो. जिथे दोन्ही टोन सारखे तिथे सीमा दिसत नाही, जिथे खूप फरक तिथे ती धारदार दिसते. सगळीकडे सारखी काळी रेघ मारली की सगळ्या कडा सारख्याच पुढे येतात, आणि सगळं सारखंच पुढे आलं म्हणजे चित्र सपाट.

चार-पाच चौकोन वाया गेल्यावर एक असा जमला की पत्त्याएवढ्या त्या चित्रातला तांब्या तिच्या मोठ्या रंगीत चित्रापेक्षा जास्त गोल दिसत होता. तो तिने बोर्डाच्या कोपऱ्यात टेपने चिकटवला आणि पुढचं सगळं काम त्याच्याकडे बघून केलं.

ड्रॉइंग दुरुस्ती

इथे फार थांबत नाही कारण हे बहुतेक शिक्षक शिकवतातच. तांब्याची मध्यरेषा आधी, दोन्ही बाजू तिच्यापासून मोजून. पेन्सिल हात ताठ करून धरायची, एक डोळा मिटायचा, तांब्याच्या रुंदीची उंचीशी तुलना करायची. तोंड हे वर्तुळ आहे पण आपल्याला ते लंबवर्तुळ दिसतं, आणि ते डोळ्याच्या पातळीच्या जितकं जवळ तितकं चपटं. म्हणून वरून बघताना तांब्याचं तोंड चपटं आणि बूड त्याहून जास्त गोलाई घेतलेलं. तिने बरोबर उलटं केलं होतं, आणि मुलं हमखास उलटंच करतात, कारण तोंड गोल असतं हे माहीत असतं आणि बूड टेबलावर सपाट टेकतं हेही माहीत असतं. लंबवर्तुळाची टोकं कधीच टोकदार नसतात, तिथेही वळणच असतं, फक्त आवळलेलं.

ट्यूब बंद

आता ती ट्यूब. खिडकीचा उजेड डावीकडून आणि ट्यूबचा वरून, दोन्ही मिळून प्रत्येक वस्तूच्या दोन-दोन फिक्या सावल्या पडत होत्या आणि मधला टोन सगळीकडे पसरलेला. नवशिक्याला त्यातून काहीच शोधता येत नाही. ट्यूब बंद केली, उजवीकडची खिडकी आधीच बंद होती, आणि ग्रुप एकदम बोलायला लागला. परीक्षेच्या हॉलमध्ये ट्यूब बंद करा म्हणता येत नाही हे खरं आहे, पण घरी एका उजेडात सराव झालेला असला की तिथे मुख्य उजेड कुठला ते ओळखून बाकीचे सोडून देता येतात.

आंब्यावर तिला उजेडाचे सगळे भाग दाखवले. खिडकीकडे तोंड असलेला प्रकाशभाग, त्यात पॉलिशमुळे एक हायलाइट, म्हणजे लख्ख चमकणारा ठिपका. मग हळूहळू वळणारा मधला टोन. मग छायाभाग, जो सगळ्यात गडद असतो, पण तो अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. आणि कडेजवळ परत किंचित उजळ, कारण टेबलावरच्या कापडावर पडलेला उजेड उलटून आंब्याच्या पोटाला लागतो, हा परावर्तित प्रकाश. शेवटी आंब्याखाली पडछाया, आंबा जिथे टेकतो तिथे एकदम गडद आणि लांब जाताना फिकी, पुसट. व्हिडिओतल्या फॉर्म्युल्यात गडद पट्टा थेट कडेला होता, परावर्तित प्रकाश नव्हता, म्हणून वस्तू वळत नव्हती, कडेवर संपत होती.

पण पितळ यात बसत नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. पितळेवर टोन हळूहळू वळत नाहीत. चकचकीत धातू आजूबाजूचं दाखवतो. तांब्याच्या पोटावर खिडकीचा वाकडा चौकोन दिसत होता, गजासकट, त्याला लागूनच खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा काळपट पट्टा, खाली कापडाचा निळा आणि उजव्या बाजूला आंब्याचा पिवळा डाग. हे तिला दिसल्यावर ती हसायलाच लागली, इतके दिवस तांब्यात आंबा आहे हे बघितलंच नव्हतं. पोत म्हणतात तो असाच दाखवायचा असतो. चकचकीत वस्तूवर उजळ आणि गडद एकमेकांना खेटून येतात, कडा धारदार. वांग्याच्या देठासारख्या खरखरीत गोष्टीवर हायलाइट जवळजवळ नसतोच, टोन तुटक तुटक. कापडावर मऊ. वेगवेगळे ठिपके-रेघोट्या मारून पोत येत नाही, टोन कसा बदलतो त्यावरून येतो.

मांडणी

तीन वस्तू रांगेत होत्या त्या हलवल्या. आंबा तांब्याच्या थोडा पुढे आणला, त्याने तांब्याचा खालचा भाग झाकला. एकाने दुसऱ्याला झाकलं की बघणाऱ्याला लगेच कळतं कोण पुढे कोण मागे, अवकाश दाखवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि मुलं तो टाळतात, सगळं पूर्ण दिसलं पाहिजे म्हणून. फक्त दोन कडा एकमेकींना नुसत्या टेकू द्यायच्या नाहीत. एक तर नीट झाकायचं नाही तर नीट अंतर ठेवायचं, टेकल्या की दोन्ही वस्तू एकाच अंतरावर चिकटलेल्या दिसतात. टेबलाची कड मध्यावरून वर नेली. वांगं आडवं, तिरकं ठेवलं, त्यामुळे तोल राहिला, आणि तोल म्हणजे दोन्हीकडे सारखं नव्हे, एकीकडे उंच उजळ तांब्या आणि दुसरीकडे छोटं पण गडद वांगं, गडद वस्तू छोटी असली तरी वजनदार वाटते.

मग रंग

आणि आत्ता रंग. काळी बाटली तिच्याकडून काढून घेतली. आंब्याच्या सावलीला यलो ऑकर (मातकट पिवळा), मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आणि अगदी गडद ठिकाणी त्यात थोडा जांभळा, कारण पिवळ्याचा विरोधी (रंगचक्रात समोरचा) रंग जांभळा आणि विरोधी रंग मिसळला की रंग शांत आणि गडद होतो, काळा मिसळल्यासारखा हिरवट होत नाही. तांब्याच्या गडद पट्ट्याला सिएना आणि निळा.

तिचा एक प्रश्न फार चांगला होता. तिने गडद पट्ट्याचा रंग पॅलेटवर बनवला, पॅलेटवर बरोबर काळपट दिसला, आणि कागदावर निळ्या कापडाशेजारी लावल्यावर फिका, मळकट नारिंगी दिसायला लागला. रंग तोच. हे पॅरिसमधल्या गोबेलिन्सच्या कारखान्यातही घडलं होतं, जिथे भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणतात. मिशेल-यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाईचा प्रमुख होता, आणि काळ्या रंगात जोर नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने शोधलं तेव्हा कळलं की रंगाईत दोष नाही, शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसतोय. १८३९ मध्ये त्याने हे सगळं सविस्तर छापलं. शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची झाक दुसऱ्यावर टाकतो, निळ्याशेजारी काहीही थोडं नारिंगीकडे झुकतं. म्हणून रंग पॅलेटवर पारखायचा नाही, त्याच्या शेजाऱ्याजवळ एक ठिपका लावून पारखायचा. शिवाय पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा, गडद रंग वाळून थोडे फिके होतात, म्हणून गडद टोन एक पायरी जास्त गडद बनवायचा. तिने शेजारी एक रद्दी कागद ठेवला, प्रत्येक मिश्रण तिथे वाळवून बघायचं, वेळ जायचा पण पुन्हा पुन्हा थर द्यावे लागले नाहीत.

सपाट म्हणजे वाईट का?

मध्येच तिने हेही विचारलं, की सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) बघितला त्यात सगळं सपाटच असतं, मग ते चालतं कसं? प्रश्न अगदी रास्त. दशावतारी गंजिफ्याचे १२० गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, आणि त्यात रंग सपाट, रेषा बारीक आणि जिवंत, छायाप्रकाश नाही. तिथे सगळं काम रेषा, आकार आणि रंगाचा विरोध करतात, आणि इवल्याशा गोलात ते इतकं नेमकं बसवणं हे फार वरच्या दर्जाचं काम आहे. तिथे सपाट ठेवायचं हे ठरवलेलं असतं. तिचा तांब्या गोल करायचा होता आणि तो सपाट होत होता, एवढाच दोष. आणि दुसऱ्या टोकाला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा, नाकावर उजळ रंग, गालाच्या कडेला गडद, रेषा आहेच पण रंगाच्या टोनने चेहऱ्याला उठाव दिलाय, तोही शेकडो वर्षांपूर्वी. रेषेवर उभं राहायचं की टोनवर हे चित्रकार ठरवतो. परीक्षेतल्या स्थिरचित्राला उठाव लागतो, संकल्पचित्राला (डिझाइनला) सपाट रंग चालतो, उलट तिथे तोच शोभतो.

नवं चित्र

तोच ग्रुप तिने परत रंगवला. त्याचाही ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. आंबा उजळ, वांगं कापडात अर्धं हरवलेलं, तांब्यात पांढऱ्यापासून काळपटापर्यंत सगळं, आणि पडछायेमुळे तिन्ही वस्तू टेबलावर बसलेल्या. रंग आधीपेक्षा कमी भडक आहेत आणि चित्र आधीपेक्षा जास्त रंगीत वाटतं, घरच्यांनी विचारलं म्हणे, नवीन कलर आणलेस का? बाटल्या त्याच होत्या, एक कमी.

पण सगळं सुटलेलं नाही. कापडाच्या घड्या अजून रेघांनीच काढलेल्या आहेत, जिथे घडी वळते तिथला मधला टोन गायब. तांब्याचं तोंड बरोबर आलं पण आतला अंधार फार एकसारखा काळा झाला, आत डोकावल्यासारखं वाटत नाही, तिथे मागच्या आतल्या भिंतीवर थोडा उजेड पडतो तो सुटलाय. आणि कडा हरवायच्या म्हटल्यावर तिने एक-दोन नको त्याही हरवल्या, आंब्याची खिडकीकडची कड मागच्या निळ्यावर खणखणीत दिसायला हवी होती ती तिने मऊ केली.

म्हणून पुढचा ग्रुप तिला मुद्दाम रंगच काढून दिलाय: पांढरी कपबशी, एक अंडं आणि पांढरं सुती कापड भरपूर घड्या पाडून, उजेड एकाच खिडकीचा, आणि पॅलेटवर पांढरा, निळा, बर्न्ट सिएना एवढेच. यात लपायला पिवळा नाही की जांभळा नाही, जे काही दिसेल ते टोननेच दाखवावं लागेल. पहिले चौकोन तिने काढून आणलेत. अंडं झालंय, कपाचा कान अजून कपाला चिकटत नाहीये.